दोन लाख वीस हजार दिले, पाच हजार मिळाले: एका सँडविच व्यवहाराचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

12 मार्च 2025. भारतीय वेळेनुसार दुपारचे साधारण अडीच. इथेरियम या ब्लॉकचेनवरच्या, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या सामायिक नोंदवहीवरच्या, एका वॉलेटधारकाला डॉलर देऊन डॉलरच घ्यायचे होते. त्याच्याकडे यूएसडीसी होते आणि त्याला यूएसडीटी हवे होते. ही दोन्ही स्टेबलकॉइन, म्हणजे ज्यांची किंमत एका डॉलरला चिकटून राहावी अशीच रचना असते ती नाणी. एक दिले की एक मिळणार, मध्ये थोडे शुल्क कापले जाणार, एवढाच हा व्यवहार. रक्कम होती 2,20,764 डॉलर. तेव्हाच्या 87 रुपयांच्या आसपासच्या दराने हे एक कोटी नव्वद लाख रुपयांहून जास्त होतात.

हातात पडले 5,271 यूएसडीटी.

शंभराची नोट देऊन पन्नासाच्या दोन मागाव्यात आणि समोरच्याने हातावर जेमतेम दोन रुपये चाळीस पैसे ठेवावेत, तसा हा प्रकार झाला. वॉलेट हॅक झाले नव्हते. पासवर्ड चोरीला गेला नव्हता. कुठलीही खोटी वेबसाइट मध्ये आली नव्हती. सही खुद्द वॉलेटधारकाची होती आणि युनिस्वॅप या नाणी अदलाबदलीच्या मंचाचा करार, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणारा प्रोग्रॅम, लिहिल्याप्रमाणे तंतोतंत चालला होता.

विकेंद्रित वित्तव्यवस्थेतील (डीफायमधील) मूल्यउपशाबद्दल, म्हणजे व्यवहारांच्या क्रमाशी खेळून इतरांच्या सौद्यांतून कमाई काढण्याच्या ज्या प्रकाराला एमईव्ही म्हणतात त्याबद्दल लिहिताना मी मुद्दाम हे प्रकरण निवडले. बहुतेक प्रकरणांत नुकसानीचे खापर बाजारावर फोडता येते. टोकन पडले, अफवा पसरली, चुकीच्या वेळी घेतले, असे काहीतरी म्हणता येते. इथे तशी पळवाट नाही. दोन्ही बाजूंना डॉलरच होते. जे गेले ते निव्वळ व्यवहारांच्या क्रमामुळे गेले.

रांग कोण लावतो

इथेरियमवर आपण व्यवहारावर सही केली की तो लगेच नोंदला जात नाही. आधी तो मेमपूलमध्ये, म्हणजे प्रतीक्षेत असलेल्या व्यवहारांच्या सार्वजनिक साठ्यात जातो. दर 12 सेकंदांनी एका ब्लॉकची, म्हणजे नोंदवहीतल्या पुढच्या पानाची, पाळी येते आणि त्या ब्लॉकमध्ये कोणते व्यवहार कोणत्या क्रमाने बसवायचे हे कोणीतरी ठरवते. आधी आलेल्याला आधी, असा इथे नियम नाही.

गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा करण्याची पद्धत आपल्याकडे आहे. भाव फक्त देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला कळतो. त्या पद्धतीचे स्वतःचे दोष आहेतच, पण मेमपूल हा नेमका तिच्या उलट टोकाचा बाजार आहे. इथे तुमची बोटे सगळ्यांना दिसतात. तुम्ही काय विकणार, किती विकणार आणि कमीत कमी किती घेऊन गप्प बसणार, हे तिन्ही आकडे व्यवहार पक्का होण्याआधीच उघड्यावर असतात. ते वाचायला माणूस बसलेला नसतो, प्रोग्रॅम बसलेले असतात. त्यांना बॉट म्हणतात.

या कमाईला 2019 मध्ये फिल दाइयान आणि सहकाऱ्यांच्या शोधनिबंधात नाव मिळाले. तेव्हा इथेरियमवर ब्लॉक तयार करण्याचे काम मायनर करत होते, म्हणून ‘मायनरला काढून घेता येण्याजोगे मूल्य’ असा त्याचा अर्थ होता. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियमने मायनिंग सोडले आणि मायनरच्या जागी 32 इथर (इथेरियमचे स्वतःचे नाणे) तारण ठेवणारे व्हॅलिडेटर आले. नावातले ‘एम’ तेच राहिले, अर्थ बदलून ‘जास्तीत जास्त (मॅक्सिमल) काढून घेता येण्याजोगे मूल्य’ झाला. काम मात्र वाटले गेले. संधी शोधणारे वेगळे, त्या संधी एकत्र बांधून ब्लॉक तयार करणारे बिल्डर वेगळे आणि सर्वांत जास्त बोली देणाऱ्या बिल्डरचा ब्लॉक उचलणारे व्हॅलिडेटर वेगळे. आज इथेरियमचे बहुतांश ब्लॉक याच बोलीच्या व्यवस्थेतून येतात. म्हणजे ब्लॉकमधली जागा तर विकली जातेच, रांगेतला क्रमही विकला जातो.

काय घडले

व्यवहार युनिस्वॅपच्या तिसऱ्या आवृत्तीतील यूएसडीसी-यूएसडीटी पूलमध्ये, म्हणजे अदलाबदलीसाठी लोकांनी ठेवलेल्या दोन्ही नाण्यांच्या साठ्यात गेला. त्या पूलमध्ये तेव्हा सुमारे 1 कोटी 98 लाख डॉलर होते. अशा पूलमधून सव्वादोन लाखांच्या आतली अदलाबदल एरवी सहज होते, आणि तिला शंभर डॉलरही खर्च येऊ नयेत.

त्याच ब्लॉकमध्ये या व्यवहाराच्या आधी एका बॉटने आपला व्यवहार बसवला. पूलच्या आकाराची रक्कम वापरून त्याने पूलची एक बाजू जवळजवळ उपसून काढली. मग वॉलेटधारकाची पाळी आली. त्याला हवे असलेले नाणे पूलमध्ये उरलेलेच नव्हते, त्यामुळे जो भाव मिळाला तो अक्षरशः तळ खरवडल्याचा भाव होता. लगेच पुढच्या व्यवहारात बॉटने उपसलेले सगळे परत ओतले आणि वॉलेटधारकाने टाकलेली रक्कम घेऊन तो बाहेर पडला. पावाच्या दोन चकत्यांमध्ये सारण असावे तसे दोन व्यवहारांच्या मध्ये गिऱ्हाईक, म्हणून याला सँडविच हल्ला म्हणतात.

कोट्यवधी डॉलर लावताना बॉटला धोका किती होता? जवळजवळ शून्य. हे तिन्ही व्यवहार एका गठ्ठ्यात बांधून बिल्डरला दिले जातात. गठ्ठा घेतला तर ठरलेल्या क्रमाने पूर्ण घेतला जातो, नाहीतर अजिबात घेतला जात नाही. पहिला व्यवहार झाला आणि भाव फिरला, असे सहसा होऊ शकत नाही. शेअर बाजारात मोठ्या ऑर्डरच्या पुढे पळणाऱ्या दलालालाही थोडी जोखीम असते. इथे तीही नगण्यच.

त्या दिवशी हा एकच घाव झाला नाही. तीन-चार मिनिटे आधी आणखी दोन वॉलेटवर, त्याच पूलमध्ये, त्याच प्रकारच्या अदलाबदलीत असेच हल्ले झाले होते. आकडे होते 1,38,838 आणि 1,28,003 डॉलर. डीफाय क्षेत्रातल्या एका संशोधकाने व्यवहारांचा माग काढून म्हटले की वॉलेट वेगवेगळी असली तरी माणूस एकच असावा, त्याच्यावर असे एकूण सहा हल्ले झाले आणि सगळी रक्कम आवे या कर्ज देणाऱ्या-घेणाऱ्या प्रोटोकॉलमधून निघून आली होती.

अडचण नेमकी कुठे होती

बॉट दुष्ट होता असे म्हणून हे प्रकरण मिटवता येईल, पण त्यातून काहीच हाती लागत नाही. मेमपूलमध्ये बॉट असणार हे पावसाळ्यात डास असणार इतके ठरलेले आहे. म्हणून मी एकाच आकड्याकडे बोट दाखवतो, तो म्हणजे किमान मिळकत.

युनिस्वॅपच्या कराराला सांगावे लागते की मला कमीत कमी एवढे मिळाले तरच सौदा कर, नाहीतर रद्द कर. आपण स्क्रीनवर जे स्लिपेज, म्हणजे भाव किती बिघडलेला चालेल ती मर्यादा, टक्क्यांत पाहतो त्याचेच हे मूळ रूप. वॉलेटधारकाला 5,271 मिळाले आणि तरीही सौदा रद्द झाला नाही. याचा अर्थ त्याने सही केलेली किमान मिळकत 5,271 किंवा त्याहून कमी होती. ही अटकळ नाही, गणित आहे. दोन लाख वीस हजार देणाऱ्याने स्वतःच्या सहीने कबूल केले होते की पाच हजार मिळाले तरी चालतील.

कोणी शहाणा माणूस असे का करेल? एक वाट मला ठाऊक आहे आणि ती धोक्याची आहे. युनिस्वॅपच्या स्वतःच्या मार्गदर्शक कागदपत्रांतील नमुना कोडमध्ये किमान मिळकत सोपेपणासाठी शून्य ठेवलेली दिसते, आणि प्रत्यक्ष वापरात असे करणे मोठ्या जोखमीचे आहे, तिथे ओरॅकलसारख्या, म्हणजे बाजारभाव कळवणाऱ्या, स्रोतावरून आकडा काढावा, अशी सूचनाही शेजारीच असते. नमुना उचलला जातो, सूचना मागे राहते. स्वतःची स्क्रिप्ट लिहिणाऱ्या आपल्याकडच्या हुशार मुलांकडूनही हे होते. कोड चालतो, चाचणीत बरोबर चालतो, मग तो बदलायची आठवण कोणाला राहते?

किमान मिळकतीचे वजन किती असते ते एका छोट्या हिशोबात दिसेल. समजा एका साध्या पूलमध्ये 1,000 इथर आणि 20 लाख डॉलर आहेत, म्हणजे भाव 2,000 डॉलर. शुल्क क्षणभर बाजूला ठेवू. तुम्ही 20,000 डॉलरचे इथर घ्यायला गेलात तर 9.90 इथर मिळतील. पण तुमच्या आधी बॉटने 1 लाख डॉलर टाकले तर त्याला 47.62 इथर मिळतात, भाव वर जातो आणि तुमच्या त्याच 20,000 ला 8.98 च्या आसपासच इथर येतात. तुमच्यानंतर बॉट आपले 47.62 इथर विकतो आणि त्याला सुमारे 1,01,867 डॉलर मिळतात. अठराशेहून जास्त डॉलर त्याच्या खिशात, आणि तुम्हाला नऊ टक्क्यांचा फटका. आता तुम्ही स्लिपेज 10 टक्के ठेवले असेल तर हे सगळे सुरळीत पार पडते. 1 टक्का ठेवले असेल तर किमान 9.80 इथरची तुमची अट मोडते, सौदा रद्द होतो आणि बॉटला तुमच्यासाठी एवढा मोठा डाव मांडताच येत नाही. तुमची अट म्हणजे त्याच्या नफ्याची कमाल मर्यादा.

स्टेबलकॉइनच्या पूलमध्ये आणखी एक खोच असते. युनिस्वॅपची तिसरी आवृत्ती मे 2021 मध्ये आली, तेव्हापासून पूलमध्ये पैसे ठेवणारे आपली रक्कम हव्या त्या भावपट्ट्यात दाटीने ठेवू शकतात. डॉलर-डॉलर पूलमध्ये जवळजवळ सगळी रक्कम एकच्या आसपास असते. त्यामुळे रोजच्या व्यवहाराला पूल अथांग वाटतो. पण तो अरुंद पट्टा कोणी ओलांडला की पुढे तळच असतो. विहिरीला पाणी भरपूर आहे, पण पाणी संपल्यावर मध्ये गाळ वगैरे काही नाही, थेट कोरडा खडक. इथे भाव एकवरून दोन-अडीच सेंटांवर आला तो त्यामुळे.

पैसा कुठे गेला

या प्रकरणातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि बातम्यांत तो दोन ओळींत संपला.

वॉलेटधारकाचे नुकसान 2,15,493 डॉलर. त्यातले बॉटच्या मालकाला किती मिळाले? सुमारे 8,000. आणि बिल्डरला? सुमारे 2,00,000. हा गठ्ठा ब्लॉकमध्ये बसवण्याबद्दल बॉटने त्या ब्लॉकच्या बिल्डरला एवढी बक्षिशी दिली. उरलेले काही हजार पूलच्या शुल्कात आणि इतर खर्चात जिरलेले दिसतात.

हे असे का होते ते उघड आहे. हीच संधी त्याच क्षणी अनेक बॉटना दिसत असते. ज्याची बिल्डरला दिलेली बोली मोठी, त्याचा गठ्ठा आत जातो. स्पर्धा इतकी तीव्र असते की लुटीचा बहुतेक भाग बोलीतच निघून जातो. बिल्डरही पुढे व्हॅलिडेटरकडे बोली लावतो, त्यामुळे एकूण व्यवस्थेत या पैशाचा मोठा वाटा व्हॅलिडेटरपर्यंत पोचतो. आणि व्हॅलिडेटर म्हणजे कोण? इथर तारण ठेवणारे, त्यात स्टेकिंग सेवांतून थोडेथोडे इथर ठेवणारे सामान्य गुंतवणूकदारही आले. त्यांच्या स्टेकिंगच्या परताव्यात नव्या इथरबरोबर या बोलींचाही अंश असतो.

म्हणून याला चोरी म्हणून सोडून देणे मला पटत नाही. चोराला 8,000 आणि नाक्याला 2,00,000 मिळत असतील तर प्रश्न चोराचा कमी आणि नाक्याचा जास्त आहे. डीफायमध्ये पैसे घालणाऱ्याने स्वतःला विचारावे की मी स्वॅप करतो तेव्हा या साखळीत कुठे उभा असतो, आणि स्टेकिंगचे व्याज घेतो तेव्हा कुठे. एकच माणूस दोन्हीकडे असू शकतो.

कोणते पर्याय समोर होते

युनिस्वॅपची स्वतःची वेबसाइट हा पहिला. हल्ल्यानंतर सुरुवातीला टीका युनिस्वॅपवरच झाली होती. ती करणाऱ्या विश्लेषकाने पुढे मान्य केले की हे व्यवहार युनिस्वॅपच्या अधिकृत स्क्रीनवरून आलेच नव्हते. त्या स्क्रीनवर स्लिपेजची मर्यादा आपोआप लागते आणि एमईव्हीपासून संरक्षणही असते. वॉलेटधारक थेट कराराकडे गेला होता. दुकानाच्या दर्शनी दारातून न जाता मागच्या गोदामात शिरण्यासारखे हे आहे. माल तोच, पण तिथे गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी बसवलेले काहीच नसते.

व्यवहार सार्वजनिक मेमपूलमध्ये न टाकता खासगी वाटेने बिल्डरपर्यंत पोचवणे हा दुसरा. फ्लॅशबॉट्स प्रोटेक्ट ही सेवा 2021 पासून आणि एमईव्ही ब्लॉकर 2023 पासून आहे. वॉलेटच्या सेटिंगमध्ये एक पत्ता बदलायचा, एवढेच काम. हा आपला रुमाल. पण रुमालाखाली ज्याचा हात धरला त्याच्यावर विश्वास ठेवावाच लागतो, हे या पर्यायातले उणे. किमान मिळकत शून्याजवळ ठेवून खासगी वाटेने जाणे म्हणजे कुलूप लावून किल्ली दारातच ठेवणे होय.

काऊ स्वॅपसारख्या लिलावाच्या पद्धतीत अनेकांच्या मागण्या एका गठ्ठ्यात घेऊन सर्वांना एकाच भावाने निपटवल्या जातात, त्यामुळे पुढे-मागे उभे राहण्याला अर्थ उरत नाही. 2023 मध्ये आलेल्या युनिस्वॅप-एक्समध्येही ऑर्डर भरून देणाऱ्यांत स्पर्धा लावली जाते. दोन-सव्वादोन लाखांसाठी मी स्वतः याच वाटेने गेलो असतो. वेळ थोडा जास्त लागतो, पण डॉलर देऊन डॉलर घेणाऱ्याला कसली घाई?

साधा, जुना पर्यायही होता: केंद्रीय एक्सचेंजवर रक्कम नेऊन तिथे बदलणे. डीफायवाल्यांना तो कमीपणाचा वाटतो, आणि ओळख द्यावी लागते.

त्यानंतर

झालेला व्यवहार ब्लॉकचेनवर उलटवता येत नाही. बॉटच्या मालकाने मन बदलले तरच पैसे परत येतात, आणि तसे घडल्याची उदाहरणे आहेत. 30 जुलै 2023 ला कर्व्ह या अदलाबदलीच्या दुसऱ्या मंचाच्या पूलवर हल्ला झाला तेव्हा एका बॉटने हल्लेखोराच्या पुढे पळून सुमारे 54 लाख डॉलरचे इथर मिळवले आणि ते कर्व्हला परत केले. पण ते एखाद्याच्या सद्सद्विवेकावर अवलंबून असते, त्यावर गुंतवणुकीचा हिशोब मांडता येत नाही.

12 मार्चच्या प्रकरणात तर वेगळीच शंका पुढे आली. डीफायलामा या संकेतस्थळाच्या संस्थापकाने जाहीरपणे म्हटले की मुद्दाम असा लुटण्याजोगा व्यवहार तयार करून तो गुपचूप आपल्याच बॉटकडे पाठवला, तर काळा पैसा जवळजवळ तोट्याशिवाय धुता येईल. ते या प्रकरणाला लागू पडते असे मी म्हणत नाही. बिल्डरला गेलेले 2 लाख त्या शंकेत नीट बसत नाहीत, बिल्डरही सामील असेल तरच बसतील. पण खऱ्या बळीवर याचा परिणाम मोठा आहे. फसवला गेलेला आणि फसवणुकीचे सोंग घेतलेला, दोघांच्या व्यवहाराची नोंद सारखीच दिसते. तक्रार घेऊन गेलेल्याला आधी स्वतःचीच सफाई द्यावी लागेल.

कायद्याची बाजू आणखी विचित्र आहे. आपल्या शेअर बाजारात ग्राहकाच्या मोठ्या ऑर्डरच्या पुढे पळणे म्हणजे फ्रंट-रनिंग, आणि सेबीच्या 2003 च्या नियमांनुसार ते गैरव्यवहारात मोडते. सप्टेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनैयालाल पटेल प्रकरणात स्पष्ट केले की असे करणारा नोंदणीकृत मध्यस्थ नसला तरी तो सुटत नाही. दलाल स्ट्रीटवर जे केल्याबद्दल दंड आणि बंदी येते, तेच मेमपूलमध्ये रोज, उघड आणि बोली लावून चालते.

अमेरिकेत खटला उभा राहिला तो सामान्य ग्राहकाच्या बाजूने नव्हता. एप्रिल 2023 मध्ये एका व्हॅलिडेटरने सँडविच करणाऱ्या बॉटनाच जाळ्यात ओढून त्यांचे सुमारे अडीच कोटी डॉलर काढून घेतले. मे 2024 मध्ये एमआयटीत शिकलेल्या दोन भावांवर त्याबद्दल गुन्हा दाखल झाला. आरोपपत्रात बळी होते ते बॉट चालवणारे. नोव्हेंबर 2025 मध्ये ज्युरींचे एकमत न झाल्याने तो खटला निकालाविना संपला. बारा सामान्य माणसांना दिवसेंदिवस समजावूनही यात फसवणूक कोणती आणि खेळाचा भाग कोणता हे ठरले नाही, तर पोलीस ठाण्यातल्या अंमलदाराला पाच मिनिटांत काय सांगणार?

हीच व्यक्ती आपल्याकडची असती तर

समजा हा वॉलेटधारक पुण्यात बसला असता. 1 एप्रिल 2022 पासून आपल्याकडे आभासी मालमत्तेच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे, वर उपकर आणि लागू असेल तर अधिभार. एक नाणे देऊन दुसरे घेणे हेही हस्तांतरच. खरेदीची किंमत सोडून दुसरा कुठलाही खर्च वजा मिळत नाही, म्हणजे गॅस या नावाने नेटवर्कला द्यावे लागणारे व्यवहारशुल्कसुद्धा नाही. आणि तोटा झाला तर तो दुसऱ्या आभासी मालमत्तेच्या नफ्यातूनही वजा होत नाही, पुढच्या वर्षी ओढता येत नाही.

म्हणजे त्याच वर्षी दुसऱ्या टोकनमध्ये 10 लाखांचा नफा झाला असेल तर त्यावर उपकरासह 3 लाख 12 हजार रुपये भरायचेच. पावणेदोन कोटींहून जास्त गेले तरी करखात्याच्या लेखी त्या तोट्याची किंमत शून्य. जगात इतरत्र सँडविच झालेल्याला निदान करात थोडा आधार मिळू शकतो. भारतीय गुंतवणूकदाराला स्लिपेजचा प्रत्येक टक्का पूर्णपणे स्वतःच्या खिशातून द्यावा लागतो. आपल्या लोकांनी या आकड्याकडे इतरांपेक्षा जास्त काटेकोरपणे पाहिले पाहिजे असे मला कळकळीने वाटते, ते या कारणासाठी.

तक्रार कुठे करणार? सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर हा विषयच येत नाही, कारण इथे नोंदणीकृत मध्यस्थ नाही. सायबर गुन्ह्यांसाठी 1930 हा क्रमांक आहे, पण तिथे बँक खाते गोठवायची सोय असते. इथे समोर बँक नाही, आणि व्यवहारावर सही तक्रारदाराचीच आहे.

निर्णयाचे क्षण, आणि वेगळे काय करता आले असते

आवेमधून रक्कम काढताना पहिला क्षण होता: थेट कराराकडे जायचे की स्क्रीनवरून. स्क्रिप्टने जायचेच असेल, तर डॉलर-डॉलर जोडीत किमान मिळकत काढायला ओरॅकलचीही गरज नव्हती. दिलेल्या रकमेच्या 99.5 टक्के, एवढी एक ओळ पुरली असती. दोन्ही नाण्यांपैकी एखादे खरोखरच एक डॉलरवरून घसरले असते तर सौदा रद्द झाला असता, गॅस वाया गेला असता, बस. बाजार कोसळत असताना सौदा रद्द होऊ नये म्हणून काही जण मर्यादा सैल ठेवतात, हे मी समजू शकतो. मार्च 2023 मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा यूएसडीसी 88 सेंटांच्या खाली गेले होते आणि लोक मिळेल त्या भावाला बाहेर पडत होते. पण 12 मार्च 2025 ला तसे काहीच घडत नव्हते.

दुसरा क्षण तुकडे करण्याचा. अनेक जण सांगतात की मोठी रक्कम तुकड्यांत द्यावी. अट घट्ट असेल तर त्याचा उपयोग आहे. अट शून्याजवळ असेल तर नाही, कारण वीस-वीस हजारांचा प्रत्येक तुकडाही बॉटला पुरेसा लठ्ठ असतो.

तिसरा क्षण चाचणीचा, आणि इथे नेहमीचा शहाणपणा दगा देतो. आधी पन्नास डॉलर पाठवून पाहा, नीट गेले तर मोठी रक्कम पाठव, असे आपण घरच्यांना बँकेच्या व्यवहारातही शिकवतो. पत्ता बरोबर आहे का हे त्यातून कळते. सँडविचपासून संरक्षण आहे का हे मात्र कळत नाही. एवढा मोठा पूल उपसून पन्नास डॉलर लुटणे बॉटला परवडत नाही, म्हणून चाचणीचा व्यवहार निर्धोक जातो आणि उलट धीर देतो.

आणि शेवटचा क्षण त्या तीन-चार मिनिटांचा. ती तिन्ही वॉलेट खरोखर एकाच माणसाची असतील, तर पहिल्या दोन अदलाबदलींचे निकाल ब्लॉकचेनवर नोंदले गेले होते, कोणालाही वाचता येत होते आणि त्यांत झालेली लूट स्पष्ट दिसत होती. मधल्या मिनिटांत किमान पंधरा ब्लॉक होऊन गेले. एवढ्या वेळात पहिली पावती उघडून दिलेले आणि मिळालेले हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवता आले असते. स्क्रिप्टला तसे करायला कोणी सांगितले नसावे असा माझा अंदाज आहे. तिन्हींतली सर्वांत मोठी रक्कम, 2,20,764 डॉलर, सर्वांत शेवटी गेली.